‘ऐकत नाही’ची चौकशी : कोथरूडमधल्या एका सोसायटीतल्या नोंदी

रविवार, १ जून २०२५

काम आजपासून सुरू. कमिटीने दिवाळीपर्यंतची मुदत दिली आहे. दर रविवारी सकाळी मागच्या पार्किंगमध्ये कुत्रेवाल्यांची शिकवणी, मधल्या वारी गरजेप्रमाणे घरी जाऊन पाहणी, आणि शेवटी नोटीस बोर्डावर लावायला एक मराठी तक्ता. कुत्र्यांना शिकवण्याबद्दलचे गैरसमज आणि त्यांच्यासमोर खरी माहिती, एवढंच तक्त्यात हवं आहे. सेक्रेटरींची अट एकच : “ताई, भांडणं कमी झाली पाहिजेत.”

आज प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि आपल्या कुत्र्याबद्दलची तक्रार एका वाक्यात लिहायला सांगितली. चिठ्ठ्या घरी आणून टेबलावर मांडल्या. ‘हट्टी आहे.’ ‘मुद्दाम करतो.’ ‘लाडाने डोक्यावर बसलाय.’ ‘मला जुमानत नाही, फक्त ह्यांना घाबरतो.’ ‘गावठी आहे, कितीही शिकवा.’ कुत्रा नेमकं काय करतो, कुठे, कधी, हे एकाही चिठ्ठीत नाही. सगळे त्याच्या स्वभावावरचे निकाल. निकाल एकदा लागला की चौकशी थांबते, आणि मग हातात दोनच गोष्टी उरतात : फटका, नाहीतर ‘जाऊ दे, तो असाच आहे.’

म्हणून प्रत्येक कुत्र्याच्या पानावर चार प्रश्न लिहून ठेवले. सांगितलेलं त्याला मुळात येतं का? येत असेल तर या जागी, या गोंगाटात जमतं का? केल्यावर त्याला काय मिळतं? कुठे दुखतंय किंवा कशाची भीती वाटतेय का? या चारांची उत्तरं मिळाल्याशिवाय ‘हट्टी’ असा शेरा मारायचा नाही.

बुधवार, ४ जून

बी विंगमधल्या काकांचा लॅब्रॅडॉर. वय सात. तक्रार : ‘बस म्हटलं की बसत नाही, तोंड फिरवतो.’

घरी गेले तेव्हा काकांनी माझ्यासमोर हुकूम सोडला, “बस!” कुत्र्याने काकांकडे पाहिलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि मान वळवली. काका म्हणाले, “बघितलंत? समजतं सगळं. करायचं नाही त्याला.”

माझं लक्ष फरशीकडे होतं. गुळगुळीत टाइल्स. मागच्या पायांची नखं तिच्यावर किरकिरत होती आणि उभ्या उभ्या तो वजन सारखं या पायावरून त्या पायावर घेत होता. काकूंची योगासनांची मॅट मागून घेतली आणि अंथरली. तो तिच्यावर आल्यावर काकांना पुन्हा सांगायला लावलं. या वेळी बसला. पण कसा? आधी पुढचे पाय मागे घेत घेत, कंबर हळूहळू खाली, आणि शेवटचं वीतभर अंतर धप्पकन. बसल्यावर उजवा मागचा पाय पोटाखाली न घेता बाजूला टाकलेला. उठताना सगळा जोर पुढच्या पायांवर. काकू म्हणाल्या, “अहो, हल्ली गाडीतही उडी मारत नाही. आम्हाला वाटलं, वजन वाढलंय म्हणून.”

लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, वर्षानुवर्षं घासला जातो आणि मग संधिवात जडतो. बसताना खुबा पूर्ण दुमडावा लागतो, म्हणजे नेमकं जिथे दुखतं तीच हालचाल आपण दिवसातून दहादा मागत असतो. मान वळवणं आणि ओठ चाटणं हे कुत्र्याच्या अवघडलेपणाचे ठरलेले इशारे आहेत. काकांना त्यात उर्मटपणा दिसत होता.

आजचं काम : व्हेटकडे एक्स-रे. तोवर ‘बस’ बंद, त्याऐवजी ‘थांब’ शिकवायचं, उभ्यानेच. हॉलमध्ये रबरी पाठीच्या सतरंज्या.

रविवार, ८ जून

पहिली शिकवणी. सुरुवातीला नुसती ऐकत उभी राहिले. “सिट. सिट. अरे सिट ना. बस! बस म्हटलं ना तुला!” पार्किंगभर हाच गजर. सातआठ वेळा ऐकल्यावर कुत्रा बसला की मालक खूश. पण त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की आधीचे सगळे शब्द सोडून द्यायचे, आवाज चढल्यावर बसायचं. एकदा सांगा, दोन-तीन सेकंद थांबा. नाही बसला तर तोच शब्द पुन्हा फेकू नका, काम सोपं करा : दोन पावलं गर्दीपासून लांब या, हाताने दिशा दाखवा.

दुसरी गोष्ट लगेच ध्यानात आली. एकाच घरात आजी ‘बस’ म्हणतात, नातू ‘सिट’, वडील ‘बैठ’, आई ‘खाली बस रे राजा’. मराठी असो वा इंग्रजी, कुत्र्याला सारखंच. घराने मिळून एक शब्द ठरवायचा आणि तो फ्रिजवर लिहून लावायचा. आज दोन घरांनी यादी केलीसुद्धा.

एक काकू कळवळून म्हणाल्या, “घरी दहा वेळा बसतो हो. इथे चारचौघांत नाक कापतो.” हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण अर्धी मारहाण याच भावनेतून होते. कुत्र्याला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही. त्याने ‘बस’ शिकलं ते स्वयंपाकघरात, संध्याकाळी, आईच्या हातात वाडगा असताना. पार्किंगमध्ये स्कूटर आहे, मांजराचा वास आहे, समोर दुसरा कुत्रा आहे; तिथे ते काम त्याच्यासाठी जवळजवळ नवंच असतं. हॉल, गॅलरी, जिन्याचा टप्पा, लिफ्टसमोर, पार्किंग, गेट, अशा क्रमाने प्रत्येक ठिकाणी पुन्हा सोप्यापासून सुरुवात करावी लागते. नाक कुणाचंच कापलं जात नाही.

रविवार, १५ जून

आजचा सगळा वेळ एकाच विषयात गेला आणि तो जायलाच हवा होता. सी विंगमधले एक दादा आपल्या जर्मन शेफर्डला उताणा पाडून, मानेवर हात दाबून धरतात. व्हिडिओत पाहिलंय म्हणे. “कुत्रा म्हणजे लांडगाच. कळपाचा म्होरक्या कोण, ते त्याला दाखवून द्यावं लागतं.” त्याच विचारातून आलेले इतर नियमही लोकांना पाठ आहेत : आधी आपण जेवायचं मग त्याला द्यायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, सोफ्यावर चढू द्यायचं नाही.

या कल्पनेचा उगम सांगितला. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७मध्ये निबंध प्रसिद्ध केला. ते लांडगे पिंजऱ्यात कोंडलेले होते. सुटायला वाट नाही अशा जागेत वरचढपणासाठी झटापटी झाल्या, त्या त्याने नोंदवल्या. अमेरिकेतले लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७०च्या आपल्या पुस्तकात ही ‘अल्फा’ची, म्हणजे म्होरक्याची, मांडणी घेतली आणि ती जगभर पसरली. पुढे मेक यांनीच १९८६पासून कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समीर बेटावर, मोकळे लांडगे उन्हाळ्यामागून उन्हाळे जवळून पाहिले. तिथे दिसलं ते निराळंच. कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पिल्लं. बाप म्होरक्या असतो तो बाप म्हणून. कुणाला पाडून तो तिथे पोचलेला नसतो. १९९९मध्ये त्यांनी आपल्या जुन्या मांडणीची दुरुस्ती छापली, आणि ते पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. २०२२मध्ये ते अखेर थांबलं. ज्यांनी ही कल्पना लोकांपर्यंत नेली त्यांनीच ती परत घेतली, हे पार्किंगमधल्या एकालाही माहीत नव्हतं. शिवाय कुत्रा माणसाच्या सोबतीने हजारो वर्षं राहिलाय. लांडग्यांबद्दलचं बरोबर असतं तरी ते कुत्र्याला आणि त्यातून माणूस-कुत्रा या नात्याला जसंच्या तसं लागू झालं नसतं.

दादांनी विचारलं, “पण मग तो शांत कसा पडतो?” प्रश्न रास्त आहे. तो गोठतो. पळता येत नाही, लढायची हिंमत नाही, तेव्हा भ्यायलेलं जनावर निपचित पडतं. एखाद दिवशी ते निपचित पडत नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९मध्ये वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या मालकांना विचारून माहिती गोळा केली. मारलं किंवा लाथ घातली असं सांगणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांच्या कुत्र्यांनी उलट अंगावर येण्याचा प्रकार केला होता. उताणं पाडणाऱ्यांत हा आकडा ३१ टक्के. दादांच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे. हे आकडे त्यांना एकट्यांना बाजूला घेऊन सांगितले.

जेवणाचा क्रम, दाराचा नियम, सोफा यांचं काय? तुम्हाला सोफ्यावर केस नको असतील तर चढू देऊ नका, दारात धक्काबुक्की नको असेल तर थांबायला शिकवा. घराच्या सोयीसाठी नियम करावेत की. कुत्रा राज्य बळकावायला निघालाय या भीतीपोटी करायची गरज नाही.

बुधवार, १८ जून

लॅब्रॅडॉरचा एक्स-रे झाला. दोन्ही खुब्यांत संधिवात, उजव्यात जास्त. औषध सुरू, वजन उतरवायचं, जिने बंद, सपाटीवर थोडं थोडं चालणं. काकांचा फोन आला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “ताई, दोन वर्षं मी त्याच्यावर ओरडतोय.” त्यांना म्हटलं, काका, आता तुम्हाला कळलंय, आता त्याचं सगळं सोपं होईल.

तक्त्यात पहिल्या ओळीत हे घ्यायचं : येत असलेलं काम कुत्र्याने अचानक सोडलं किंवा स्वभाव एकाएकी बदलला, तर शिकवणीआधी व्हेट. कान, दात, सांधे, पोट. दुखणारा कुत्रा बोलून दाखवत नाही.

शनिवार, २१ जून

पालख्या पुण्यात मुक्कामी आहेत. सोसायटीतले बरेच जण वारकऱ्यांच्या सेवेला गेलेत. उद्याची शिकवणी रद्द.

रविवार, २९ जून

खाऊचा विषय. “ही लाच झाली ताई. खाऊ नसला की काम नाही करणार.” हा आक्षेप प्रत्येक तुकडीत येतो आणि त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून नीट लिहून ठेवते.

हातात पनीर दाखवून मग ‘बस’ म्हणालात तर ती लाचच. कुत्रा शब्दाकडे बघतच नाही, पनीरकडे बघतो. सुरुवातीला दोन-चार वेळा तसं दाखवावं लागतं, पण लगेच रिकाम्या हाताने तोच इशारा करायचा, आणि काम झाल्यावर दुसऱ्या हातातून, खिशातून, शेल्फवरून बक्षीस काढायचं. आधी काम, मग मोल. एकदा काम पक्कं झालं की दर वेळी न देता कधी दिलं, कधी नाही, कधी एकदम तीन तुकडे, असं अनियमित करायचं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून हे पक्कं दिसलेलं आहे की अनियमित मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय जास्त चिवट असते. आणि बक्षीस म्हणजे खाणंच असंही नाही. पार्किंगमधल्या बीगलला चेंडूपेक्षा झाडाच्या बुंध्याचा वास प्यारा आहे. पट्टा न ओढता चार पावलं चालला की ‘जा, हुंग’, हे त्याचं बक्षीस.

वेळ साधणं हे खरं कौशल्य. आज एक ताई ‘बस’ सांगत होत्या; कुत्रा बसला; त्या “शाब्बास” म्हणत पर्सची चेन उघडत होत्या; तोवर तो उठून त्यांच्या पर्सवर पाय ठेवून उभा; तेव्हा तुकडा मिळाला. कुत्र्याने काय शिकलं? पर्सवर पाय ठेवायला. काम झाल्याच्या क्षणी, फार तर सेकंदभरात, ‘हो’ असा एक ठरलेला छोटा शब्द टाकायचा आणि मग निवांत खिशात हात घालायचा. क्लिकर नावाची टिकटिकणारी डबी हेच काम करते.

तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. उकडलेलं चिकन, अंडं, पनीर, गाजर, काकडी. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नाही. शिकवणीत जेवढं दिलं तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी.

रविवार, १३ जुलै

पावसाने पार्किंगमध्ये तळं. क्लबहाउसमध्ये बसून बोललो.

पहिल्या मजल्यावरचं जोडपं, दोघं हिंजवडीला नोकरीला, दिवसभर घर बंद. संध्याकाळी दार उघडलं की सोफ्यामागे शू. दादा त्याला मानेला धरून तिथे नेतात आणि नाक घासतात. “केलंय हे त्याला पक्कं माहीत असतं. आम्ही आत आलो की कान पाडून, शेपूट पोटात घेऊन कोपऱ्यात जातो. तोंडावर लिहिलेलं असतं त्याच्या.”

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९मध्ये नेमका हाच चेहरा तपासला. मालकाने ‘खाऊ नको’ म्हणून ठेवलेला खाऊ आणि मालक खोलीबाहेर. मग कुत्र्याने तो खाल्ला की नाही, हे काही मालकांना खरं सांगितलं, काहींना खोटं. ‘अपराधी’ चेहरा दिसण्याचा कुत्र्याने खाल्लं की नाही याच्याशी संबंध लागला नाही. मालक रागावला की नाही याच्याशी लागला. काही खाल्लेलं नसताना बोलणी बसलेल्या कुत्र्यांत तर तो सर्वांत ठळक दिसला. म्हणजे कोपऱ्यातला तो कुत्रा सकाळच्या शूची कबुली देत नसतो. दारातल्या पावलांचा, चेहऱ्याचा, आवाजाचा अंदाज घेऊन तो ‘मला मारू नका’ म्हणत असतो. आपण ते कबुलीजबाब म्हणून वाचतो आणि शिक्षा करतो. हे लिहिताना मला दर वेळी वाईट वाटतं.

नाक घासल्याने तो एवढंच शिकतो की माणसासमोर शू करण्यात धोका आहे. मग बाहेर पट्ट्याला असतानाही तो तुमच्यासमोर करत नाही, घरी येऊन सोफ्यामागे जातो, आणि लोक त्याला ‘मुद्दाम’ म्हणतात. उपाय कंटाळवाणा आहे पण लागू पडतो : उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर, बाहेर केल्यावर तिथल्या तिथे बक्षीस, दुपारी कुणीतरी येऊन बाहेर न्यायची सोय, घरातली जागा वास पूर्ण जाईल अशा एन्झाइमच्या क्लीनरने धुणं. अमोनियावालं फिनेल नको, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता. समोरच्या आजींनी दुपारी दोन वाजता कुत्र्याला खाली न्यायची तयारी आपणहून दाखवली.

रविवार, २० जुलै

नवीन पिल्लू, नऊ आठवड्यांचं. घरच्यांना दोन सल्ले मिळालेत : ‘सगळी इंजेक्शनं होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ आणि ‘सहा महिन्यांआधी शिकवायला घेऊ नका’. पहिल्यामागची भीती खरी आहे. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि लस अपुरी असलेलं पिल्लू त्यात दगावतं. पण अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी बरीच वर्षं पिल्लं वाढवून १९६५मध्ये जे मांडलं, ते असं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाला सरावतं. या दिवसांत जे भेटलं नाही ते पुढे परकं आणि भीतिदायक राहू शकतं. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू साधारण सोळा आठवड्यांचं होतं. तोवर घरात कोंडलं तर ती खिडकी बंद झालेली असते.

मधला मार्ग : पिल्लाला कडेवर घ्या, जमिनीवर सोडू नका. कर्वे पुतळ्याच्या चौकात रहदारी दाखवा, भाजीवाल्यासमोर उभे राहा, रेनकोटवाला, काठीवाले आजोबा, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला. प्रत्येकाबरोबर एक तुकडा. लसी झालेल्या, माहितीतल्या कुत्र्याशी घरात गाठ. अमेरिकेतल्या पशुवैद्यक-वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही हाच आहे : पहिल्या लसीनंतर किमान सात दिवस गेले की, सातव्या-आठव्या आठवड्यापासून स्वच्छ जागेतली शिकवणी चालेल. वेळापत्रक मात्र स्वतःच्या व्हेटला विचारून.

रविवार, २७ जुलै

वॉचमनदादांची तांबूस रंगाची देशी कुत्री पहिल्यापासून लांबून बघत असते. आज दादांना म्हटलं, घेऊन या. ‘ये’ म्हटल्यावर येणं ती या रांगेतल्या बऱ्याच जातिवंतांआधी शिकली. दादा मधेच थांबवायला लागले, “मॅडम, गावठी आहे ती,” आणि ती त्यांच्या पायाशी येऊन बसलेली. देशी कुत्रा माणसाचे हातवारे वाचूनच रस्त्यावर तगलेला असतो. तो अंतर राखून असतो, अनोळखी हाताला बिचकतो, आणि त्यालाच लोक ‘शिकत नाही’ म्हणतात. अंतर राहू द्या, जोर करू नका, शिकतो.

याच बैठकीत दुसरा विषय निघाला. एका घराने कुत्रा महिनाभर ‘ट्रेनिंगला’ ठेवला होता. तिथे सगळं करायचा, घरी आल्यावर पहिले पाढे पंचावन्न. वर मानेवर केस गेलेली रेघ, टोकेरी पट्ट्याची. त्या ठिकाणी काय झालं हे बघायला घरच्यांना येऊ देत नव्हते. जिथे मालकाला शिकवणी बघू देत नाहीत तिथे कुत्रा ठेवू नये, एवढं तक्त्यात ठळक लिहिणार. कुत्रा तिथल्या माणसाचं ऐकायला शिकतो. घरच्यांना काहीच येत नसतं. राज्य पोलिसांचं श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यातच आहे. पोलीस दलातही कुत्रा आणि त्याला हाताळणारा पोलीस यांची जोडी मिळून तयार होते, एकट्या कुत्र्याला शिकवून कुणाच्याही हाती दिलं जात नाही.

टोकेरी पट्टा, ओढली की गळा आवळणारी चोक चेन, विजेचा झटका देणारा पट्टा यांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, “पण फरक तर पडतो.” पडतो. दुखतं म्हणून वागणं थांबतं. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला : शिक्षेच्या पद्धतीने शिकवलेल्या कुत्र्यांत ताणाच्या खुणा जास्त, शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं. वेल्समध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर २०१०पासून बंदी आहे. आणि समोर दुसरा कुत्रा दिसला की मानेला कळ येते, हे पुन्हा पुन्हा घडलं तर कुत्रा त्या दुखण्याचा संबंध समोरच्या कुत्र्याशीच जोडतो. अंगावर जाणं मग वाढतं.

रविवार, ३ ऑगस्ट

तिसऱ्या मजल्यावरचा कॉकर स्पॅनियल जेवताना पाच वर्षांच्या नातवावर गुरगुरला. आजोबांनी चप्पल मारली. आता गुरगुरत नाही, म्हणून घर निर्धास्त. मला यापेक्षा काळजीची बातमी या प्रकल्पात दुसरी मिळालेली नाही.

गुरगुरणं ही सूचना आहे. शरीर ताठ होणं, खाण्याचा वेग वाढणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, मग गुरगुर, मग हवेत चावा, मग खरा चावा, अशी ती चढत जाते. गुरगुरल्यावर मार बसला तर कुत्रा ती पायरी गाळतो. आतली धास्ती आहे तिथेच राहते. मग लोक म्हणतात, ‘काही कारण नसताना एकदम चावला.’

मुळात नातवाचे वडील रोज कुत्रा जेवत असतानाच त्याचा वाडगा उचलून घेत होते, ‘आपला हक्क कळावा’ म्हणून. माणूस जवळ आला की जेवण जातं, हे त्याला घरानेच शिकवलं. आजपासून उलट : कुत्रा जेवत असताना मोठ्या माणसाने लांबून जाता जाता चिकनचा तुकडा वाडग्याकडे टाकायचा आणि थांबायचं नाही. शरीर सैल दिसू लागलं तरच दुसऱ्या आठवड्यात एक पाऊल जवळून. नातू या कामात नाही. जेवण बंद दाराआड, मूल आणि कुत्रा एका खोलीत असताना मोठं माणूस हजर, यात सवलत नाही. आजोबांना पटायला वेळ लागला. शेवटी म्हणाले, “म्हणजे त्याने सांगितलं होतं, आणि मी त्याचं तोंड बंद केलं.”

‘शेपूट हलवतोय म्हणजे खूश आहे’ हेही इथेच जोडून लिहायचं. ताठ, उंच धरलेली, भराभर थरथरणारी शेपूट आणि कंबरेसकट सैल हलणारी शेपूट यांत फार अंतर आहे.

रविवार, १० ऑगस्ट

नदीपात्राच्या बाजूने ढोल-ताशांच्या सरावाचा आवाज रोज संध्याकाळी येतो. ए विंगमधली एक कुत्री आवाज सुरू झाला की बाथरूममध्ये जाऊन थरथरते. घरच्यांनी तिला जवळ घेणं बंद केलंय. ‘कुरवाळलं की भीती वाढते’ असं कुणी सांगितलं म्हणून. भीती ही भावना आहे, ती काही बक्षिसासाठी केलेली करामत नाही. धीर दिल्याने ती पक्की होत नाही. ती जवळ येत असेल तर जवळ घ्या, लपत असेल तर लपू द्या.

दुसरा उलटा सल्लाही फिरतोय : ‘मिरवणुकीत नेऊन उभं करा, सवय होईल.’ नाही. तिथे सुटका नसते, आणि भीती खोल जाते. रेकॉर्ड केलेला ढोल मोबाइलवर अगदी हळू, ती कान टवकारेल पण घाबरणार नाही इतकाच, आणि प्रत्येक आवाजामागे पनीर. काही दिवसांनी आवाज किंचित मोठा. गणपतीला दोनच आठवडे उरलेत, त्यामुळे या वर्षी याचा पूर्ण फायदा मिळणार नाही. यंदा जोर आतल्या खोलीवर : खिडक्या बंद, जाड पडदे, पंखा आणि टीव्ही चालू, फिरणं सरावाआधी. व्हेटशीही आत्ताच बोला. नुसतं गुंगीचं औषध अंग सुस्त करतं, भीती तशीच राहते. भीती कमी करणारी औषधं वेगळी असतात आणि ती आधी एकदा देऊन बघावी लागतात.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणेश चतुर्थी. सोसायटीची आरती पार्किंगऐवजी पुढच्या बाजूला, कमिटीनेच ठरवलं. ए विंगमधली कुत्री आतल्या खोलीत पलंगाखाली होती, पण जेवली.

रविवार, १४ सप्टेंबर

दोन कामं. जर्मन शेफर्डवाल्या दादांनी उताणं पाडणं सोडलंय आणि कुत्रा गेटपाशी ‘थांब’वर थांबतो. त्यांची मुलगी शेजारी उभी राहून “हो” म्हणते, अगदी वेळेवर.

दुसरं काम अवघड. शेजारच्या बंगल्यात राखणीचा कुत्रा दिवसरात्र हातभर साखळीला. ‘बांधून ठेवलं की तिखट होतो’ ही समजूत. तिखट म्हणजे घाबरलेला आणि कंटाळलेला. तो मालकाच्या पाहुण्यालाही चावेल. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६०च्या कायद्यातलं ११वं कलम आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं गुन्हा मानतं. पण आधी भांडायला न जाता काकूंना बरोबर घेऊन चहाला गेले. रात्री आवारात मोकळा सोडायला तयार झालेत, दिवसा लांब दोरी. फिरवण्याचं अजून कबूल नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

तक्ता छापून आला, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा. ‘म्हातारा कुत्रा शिकत नाही’ ही ओळ काकांनी आग्रहाने घालायला लावली आणि तिच्यासमोरचा मजकूर त्यांच्याच सांगण्यावरून लिहिला : सात वर्षांचा लॅब्रॅडॉर उभ्याने ‘थांब’, ‘मागे’ आणि ‘हाताला नाक लाव’ शिकला. व्हेटकडे आता तो हाताला नाक लावून आपणहून वजनकाट्यावर चढतो. वजन उतरलंय.

लक्ष्मीपूजन २१ तारखेला आहे. ए विंगमधल्या कुत्रीचं औषध येत्या शनिवारी एकदा देऊन बघायचं. फटाक्यांच्या रात्री गेट बंद ठेवणं आणि प्रत्येक पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असणं, वॉचमनदादा आणि मी मिळून तपासणार. बंगल्यातल्या कुत्र्यासाठी त्या चार रात्री तळघरातली खोली मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही, उद्या पुन्हा जाईन.